चौथ्या पायरीवरचा एक कार्बन

तुम्ही काय करता, असं वाटाड्यांना कोणी विचारलं की ते म्हणत, "रस्ते दाखवतो." बहुतेक लोक इथेच थांबत. एखाद्या चिवट माणसाने पुढे विचारलंच, तर वाटाडे खुर्ची पुढे ओढत, आणि मग त्या माणसाची काही खैर नसे.

काम खरंच रस्ते दाखवायचं होतं. पाव फुगवणारं यीस्ट असतं ना, ते साखर खातं आणि पोटातल्या पोटात तिचं दुसरं काहीतरी करतं. एका रेणूचा दुसरा, दुसऱ्याचा तिसरा, पायरीपायरीने. प्रत्येक पायरीवर एक एन्झाइम बसलेलं असतं. एन्झाइम म्हणजे एकच काम येणारा कारागीर समजा. आता या यीस्टला दुसऱ्या कुठल्या झाडाचे, कुठल्या बुरशीचे चार-पाच कारागीर उसने आणून दिले, तर ते त्याच साखरेपासून औषध करेल, अत्तर करेल, रंग करेल. प्रश्न एवढाच, की कुठले कारागीर आणायचे आणि कोणाच्या मागे कोणाला बसवायचं. अशा हजारो पायऱ्या माणसाला ठाऊक आहेत. त्यांतून साखरेपासून हव्या त्या वस्तूपर्यंतची वाट कॉम्प्युटरवर शोधून काढायची, हा वाटाड्यांचा उद्योग. गेली बावीस वर्षं ते हेच करत होते, म्हणून सगळे त्यांना वाटाडे म्हणत. खरं आडनाव गळ्यातल्या ओळखपत्रावर होतं, पण ते दारावरच्या पहारेकऱ्याशिवाय कोणी वाचत नसे.

माणूस सुखी होता, हे आधीच सांगून टाकतो. दुसऱ्या मजल्यावर कोपऱ्यातली खोली, खिडकीतून सायकली लावायची जागा दिसायची, खुर्चीवर बायकोने शिवलेली उशी. साडेबाराच्या ठोक्याला डबा उघडायचा, एक वाजता बंद. रिटायर व्हायला चौदा महिने उरले होते आणि त्याचंही त्यांना काही वाटत नव्हतं. बायको पोहायला शिकवायची, साठीच्या पुढच्या बायकांना. घरी आली की कोण किती वेळ पाण्यावर तरंगलं ते सांगायची, आणि हे आज कुठली वाट सापडली ते सांगायचे. दोघांनाही एकमेकांचं निम्मं कळत नसे, पण संसार झकास चालला होता.

वाटाड्यांना गर्व म्हणाल तर एकाच गोष्टीचा होता. यादीचा.

या धंद्यात एक गंमत आहे. पाणी जवळजवळ प्रत्येक पायरीत असतं. कॉम्प्युटरला नुसतं सांगितलं, की साखरेपासून औषधापर्यंतची सगळ्यात जवळची वाट काढ, तर तो शहाणा म्हणतो, "साखरेतून पाणी निघतं, औषध करताना पाणी लागतं, झालं की! दोन पायऱ्या." म्हणजे आपल्याही घरात नळ आहे आणि शेजाऱ्याच्याही घरात नळ आहे, तेव्हा नळातून शेजारी जाता येईल, असं म्हणण्यासारखं. त्यामुळे पाणी, प्राणवायू, कार्बन डायऑक्साइड असल्या जिथेतिथे लुडबुडणाऱ्या रेणूंची एक यादी करून कॉम्प्युटरला द्यावी लागते, की बाबा, यांच्याकडे बघू नकोस. मग तो त्यांना मनातल्या मनात मोजतो, पण वाटेच्या चित्रात दाखवत नाही. एकोणीस वर्षांपूर्वी वाटाड्यांनी अशी एक्केचाळीस नावांची यादी केली होती. ती इतकी चोख निघाली, की तेव्हापासून संस्थेतली प्रत्येक वाट त्याच यादीतून गाळून निघत होती. दुसऱ्या संस्थांनीही मागून नेली होती. नवीन माणूस आला की वाटाडे त्याला यादी दाखवत आणि वर म्हणत, "एक नाव इकडचं तिकडे करायचं नाही, काय?"

त्या वर्षी संस्थेने एका मलमातल्या औषधाचं काम घेतलं होतं. जुनाट खाजेवरचं मलम. औषध एका झाडाच्या सालीत मिळायचं, झाड तयार व्हायला तीस वर्षं लागायची आणि साल काढली की ते मरायचं. वाटाड्यांनी साखरेपासून त्या औषधापर्यंतची पाच पायऱ्यांची वाट काढून दिली. पाच पायऱ्या! सगळे खूश. प्रत्यक्ष यीस्टमध्ये ते कारागीर बसवायचं काम खालच्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेत एका मुलीकडे आलं. संस्थेत ती सगळ्यांत लहान, म्हणून तिला धाकटी म्हणत.

धाकटीने आठ महिने जिवाचं रान केलं. यीस्ट पहिल्या दिवशी मजेत वाढायचं, पहिल्या तीन पायऱ्या सुरळीत पार व्हायच्या, आणि चौथा कारागीर कामाला लागला रे लागला, की सगळं थंड. यीस्ट मेलेलं. तिने तापमान कमी केलं, साखर बदलली, बाटल्या बदलल्या, सगळं पहिल्यापासून पुन्हा केलं. अकरा वेळा. प्रत्येक वेळी तेच.

आता प्रयोगशाळेत माणसं कितीही शिकलेली असोत, एक गोष्ट ती स्वयंपाकघरातल्यासारखीच बोलतात. म्हणतात, हिला हात आहे, तिला हात नाही. ज्याच्या हातून प्रयोग जमतात त्याला हात असतो. का जमतात, ते विचारायचं नाही. आणि एकदा का कोणी म्हणालं, की हिला हात नाही, तर ते अंगाला असं चिकटतं, की सात वेळा धुतलं तरी जात नाही.

एका शुक्रवारी दुपारी बाईसाहेब, म्हणजे संस्थेच्या प्रमुख, वाटाड्यांच्या खोलीत आल्या.

"वाटाडे, वाट बरोबर आहे ना? एकदा शेवटचं विचारते."

"शंभर टक्के," वाटाडे म्हणाले. "प्रोग्रामने ताळा केलाय. हिरवी खूण आहे, बघा."

"मग हाताचाच प्रश्न आहे," बाईसाहेब म्हणाल्या. "सोमवारच्या बैठकीत मी तिला यातून काढणार. साठवणीच्या खोलीत एक जागा आहे, बाटल्या-औषधांची नोंद ठेवायला. मुलगी चांगली आहे हो, पण हे काम तिचं नाही." त्यांनाही ते जड जात होतं, हे दिसत होतं.

संध्याकाळी खाली उतरताना वाटाड्यांना जिन्यात धाकटी दिसली. बारावी बाटली घेऊन चालली होती. "काका, यावेळी होईल असं वाटतंय," ती म्हणाली आणि हसली. सोमवारचं तिच्या कानावर गेलेलं नव्हतं. "जेवलीस का?" असं काहीतरी संध्याकाळी साडेपाच वाजता विचारून ते सटकले.

शनिवार कसाबसा गेला. रविवारी सकाळी बायको पोहण्याच्या तलावावर गेली आणि वाटाड्यांनी तिचा बटणांचा डबा टेबलावर ओतला.

ही त्यांची जुनी खोड. तरुणपणी, प्रोग्रामवर विश्वास नव्हता तेव्हा, ते प्रत्येक वाट बटणांनी चालून बघत. कार्बनच्या एका अणूला एक काळं बटण. पहिल्या पायरीत जितकी बटणं शिरली, तितकीच बाहेर पडायला हवीत. रेणू बदलतो, पण कार्बन कुठे हवेत विरत नाही. पुढे प्रोग्राम स्वतःच ताळा करायला लागला, हिरवी खूण द्यायला लागला, आणि बटणं शर्टांना परत मिळाली. गेल्या बारा-तेरा वर्षांत त्यांनी एकही वाट अशी चालून बघितली नव्हती.

पहिली पायरी जुळली. दुसरी जुळली. तिसरीही. चौथ्या पायरीत अकरा बटणं शिरली आणि कागदावरच्या चित्राप्रमाणे पुढे सरकली दहा. एक वाटाड्यांच्या चिमटीत राहिलं.

त्यांनी पुन्हा मोजलं. मग चष्मा पुसून पुन्हा. चौथा कारागीर रेणूच्या टोकावरची एका कार्बनची छोटी टोपी काढून टाकत होता. ठीक आहे, काढून टाकली. पण टाकली कुठे? चित्रात तर काही नव्हतं. म्हणजे ती चित्रात न दाखवायच्या एक्केचाळीस जणांपैकी कोणीतरी झाली होती. वाटाड्यांनी यादी उघडली. पाणी, प्राणवायू... आणि सव्विसाव्या नावावर त्यांचं बोट थांबलं.

फॉर्माल्डिहाइड.

शाळेच्या प्रयोगशाळेत कपाटातल्या बरण्यांमध्ये बेडूक आणि साप बुडवून ठेवलेले असतात ना, त्या पाण्यात असतं ते हेच. कुजू देत नाही, कारण काही जिवंतच ठेवत नाही. धाकटीचं यीस्ट चौथ्या पायरीवर पोचलं की स्वतःच्या पोटात तेच तयार करत होतं आणि स्वतःलाच बरणीतला बेडूक करून टाकत होतं. थोडंसं पचवायची सोय यीस्टमध्ये असते, पण इतकं कुठून पचणार? बिचारं औषध जितकं जास्त करी, तितकं लवकर मरे. म्हणजे धाकटी जितकं चांगलं काम करत होती, तितकं तिचं यीस्ट लवकर मरत होतं!

आणि हे नाव यादीत आलं कसं, तेही वाटाड्यांना लख्ख आठवलं. एकोणीस वर्षांपूर्वी ते स्पिरिटवर जगणाऱ्या एका जिवाणूवर काम करत होते. त्या जिवाणूला फॉर्माल्डिहाइड म्हणजे रोजचं खाणं. तयार झालं की गट्टम. त्याच्या बाबतीत ते खरंच न बघण्याजोगं होतं. तो जिवाणू गेला, ते काम संपलं, यादी मात्र तीच राहिली. एक नाव इकडचं तिकडे करायचं नाही!

"मूर्ख," वाटाडे मोठ्याने म्हणाले. घरात दुसरं कोणी नव्हतं.

बायको ओल्या केसांनी घरात आली, तेव्हा जेवणाच्या टेबलावर बटणांचा पसारा आणि मधोमध नवरा डोकं धरून बसलेला. "अहो, हे काय? बरं नाही का?"

वाटाड्यांनी सगळं सांगितलं. मग तिच्याकडे न बघता म्हणाले, "एक करता येईल. नाव गुपचूप काढून टाकायचं. दुसरी, सात पायऱ्यांची वाट आहे, ती टोपी मुळात घालतच नाही. उद्या म्हणायचं, की याहून चांगली वाट सापडली. काम होईल, मलमही होईल."

"आणि ती मुलगी?"

"ती... तिला तोवर हलवलेलं असेल."

"म्हणजे तिला हात नाही तो नाहीच."

केस पुसता पुसता बायको समोर बसली. "तुम्हाला लाज वाटतेय, ते मला कळतंय. वाटणारच. एवढी मिरवलीत ती यादी, जावयासारखी. पण तिची काय चूक हो? उद्या सगळ्यांसमोर सांगा. एकदाच काय ते तोंड पोळेल." आणि मग बटणं डब्यात भरायला लागली. "आणि माझी बटणं मोजून ठेवलीत ना? एक जरी हरवलं तर बघा."

सोमवारी दहा वाजता बैठक सुरू झाली. बाईसाहेबांनी घसा खाकरला, एवढ्यात वाटाडे उभे राहिले. बैठकीत उभं राहून कोणी बोलत नसे, त्यामुळे सगळे बघायलाच लागले.

"चौथ्या पायरीवर फॉर्माल्डिहाइड निघतं," ते म्हणाले. "माझ्या यादीमुळे ते दिसत नव्हतं. यादी चुकीची आहे. यीस्ट त्याने मरतंय. हिच्या हातात काही दोष नाही. अकरा वेळा तिने प्रयोग बरोबर केला, आणि अकरा वेळा तो बरोबरच निघाला. मला वाचता आला नाही."

बाईसाहेबांचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. "शुक्रवारी शंभर टक्के म्हणाला होतात!"

"म्हणालो होतो," वाटाडे म्हणाले. "चुकलो."

धाकटी आभार मानेल, असं कोणाला वाटलं असेल तर ते सोडा. तिच्या डोळ्यांत पाणी आलं ते रागाचं. "आठ महिने, काका! आठ महिने मी घरी जाऊन माझ्या हातांकडे बघत बसायचे. माझे हात थरथरतात का, म्हणून भावाला पाण्याचा पेला धरून दाखवायचे. आणि तुम्ही वर बसून हिरवी खूण बघत होतात?" वाटाडे मान खाली घालून उभे राहिले.

दोन दिवस ती त्यांच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी साडेबाराला स्वतःचा डबा घेऊन त्यांच्या खोलीत आली, खुर्ची ओढली आणि म्हणाली, "सात पायऱ्यांची वाट दाखवा. बटणं घेऊन दाखवा." वाटाड्यांच्या जिवात जीव आला. त्या दिवशी डबा पावणेदोनपर्यंत चालला.

नवे कारागीर मागवून बसवायला चार महिने लागले. पाचव्या महिन्यात एका सकाळी धाकटीने एक छोटी बाटली त्यांच्या नाकाखाली धरली. ओल्या सालीचा कडवट वास. यीस्ट मजेत वाढत होतं आणि औषध करत होतं. थोडंच, पण करत होतं. बाईसाहेबांनी स्वतः खाली येऊन वास घेतला आणि धाकटीच्या पाठीवर थाप मारली. आता संस्थेत कोणाचा प्रयोग अडला, की लोक तिला बोलावतात. म्हणतात, हिला हात आहे. धाकटी चिडते. "हात नाही, डोकं आहे," म्हणते.

इथे गोष्ट संपली असती, तर वाटाडे रिटायर होईपर्यंत मजेत राहिले असते. पण माणूस कामाचा किडा. यादी नेलेल्या सगळ्या संस्थांना पत्रं लिहून झाली, आणि मग त्यांनी एकोणीस वर्षांत काढलेल्या आपल्याच वाटा एकेक करून पुन्हा चालायला घेतल्या. रोज दोन. धाकटी म्हणाली, "काका, झालं ना आता, सोडा की." ते सोडेनात.

एकशे चौदावी वाट एका अत्तराची होती, सहा वर्षांपूर्वीची. तिसऱ्या पायरीवर टोपी निघत होती. पुढे लिहिलं होतं: काम बंद केलं, यीस्ट टिकत नाही.

त्या कामावर एक मुलगी होती, जाड चष्म्याची, फार हळू बोलणारी. वाटाड्यांना ती आठवली आणि ती बैठकही आठवली. तेव्हाचे प्रमुख म्हणाले होते, की हिला हात नाही. आणि वाटाड्यांना विचारलं होतं, वाट बरोबर आहे ना? वाटाडे म्हणाले होते, शंभर टक्के. मुलीने महिन्याभरात नोकरी सोडली होती. कोणी तिला थांबवलं नव्हतं. त्यांनीही नाही.

नंबर मिळवायला आठवडा गेला. रविवारी सकाळी वाटाड्यांनी तो फिरवला. बायको शेजारी येऊन बसली.

आवाज तसाच होता, हळू. आता ती दातांच्या कवळ्या करत होती, एका दातांच्या डॉक्टरांकडे. काम छान आहे, म्हणाली, माणसं हसत हसत परत जातात. वाटाड्यांना जरा धीर आला आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं. यादी, टोपी, तिसरी पायरी.

"म्हणजे मी बरोबर मोजलं होतं?" ती म्हणाली.

"हो."

"सगळं?"

"सगळं. प्रत्येक वेळी."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. "मी अजून प्रत्येक कवळी तीन तीनदा मोजते, माहितीये? डॉक्टर हसतात मला." त्यांना माफी मागायची होती. वाक्य पाठ केलं होतं, पण ते बाहेर पडेना. शेवटी "मला माफ कर गं" एवढंच कसंबसं म्हणाले.

"काका, हे माझ्या आईला सांगाल?" ती म्हणाली. "इथेच आहे. मी सांगितलं तर तिला वाटेल, मी मनाचंच सांगतेय."

फोन हातातून हातात गेला. वाटाड्यांनी सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. संपल्यावर आई म्हणाल्या, "ते मला तेव्हाच ठाऊक होतं हो. तिच्या हाताला काही झालेलं नव्हतं. मी सहा वर्षं तिला हेच सांगतेय, माझं ऐकत नाही. तुम्ही तिलाच परत एकदा सांगा."

फोन पुन्हा मुलीकडे आला. "हं, काका," ती म्हणाली.

वाटाड्यांनी डोळे पुसले आणि तिसऱ्यांदा सुरुवात केली.